पुढच्या तीन नोंदी

सोमवार, ६ जानेवारी २०२५

अठरा कॉम्प्युटर, त्यातले अकरा चालू. नववी ब-ची त्रेचाळीस पोरं. एका खुर्चीत दोन-दोन, काही मागे उभी — पण गोंगाट नाही! इंग्लिशच्या तासाला इतकी शांतता सव्वीस वर्षांत पाहिली नव्हती.

टाइमलाइनची वेबसाइट त्यांना फारच आवडली. पडद्यावर एक आडवी रेघ. तारीख टाकायची, फोटो लावायचा, खाली इंग्लिशमध्ये एक वाक्य लिहायचं. रेघेवर टुणकन चौकोन उगवतो. 'आय वॉज बॉर्न.' 'आय फेल फ्रॉम सायकल.' भूतकाळाचा जो धडा फळ्यावर आठवडाभर रखडतो, तो एका तासात झाला.

एक घोळ झाला. वेबसाइट अमेरिकन, त्यामुळे आधी महिना, मग दिवस. चार जूनची पोरं सहा एप्रिलला जन्मली. पंचवीस तारखेवाल्यांना तर ती जन्मच घेऊ देईना. भाविका ओरडली, "बाई, मी इनव्हॅलिड आहे!" सगळा वर्ग हसला. मीही.

घरी आल्यावर हे कुणाला तरी सांगायचं होतं.

बुधवार, ८ जानेवारी

नमुना म्हणून माझीच टाइमलाइन दाखवली. करावेला जन्म. दहावी. बी.एड. शाळेत नोकरी. २००६, आईला घेऊन सीवूड्सला आले. २०२४, आई गेली. झालं.

मागून कुणीतरी विचारलं, "बाई, २००६ ते २०२४ मध्ये काहीच नाही झालं?"

वाह्यातपणा नव्हता. खरंच विचारत होतं पोर.

"शाळा झाली," म्हटलं.

शनिवार, ११ जानेवारी

शाळा साडेअकराला सुटली. आता सोमवारी सकाळी सातपर्यंत तोंड उघडायचं काही कारण नाही. दार उघडलं की आतून आई विचारायची — "कोन हाय गो?" मीच असणार, दुसरं कोण येणार! तरी विचारायची.

सोमवार, २० जानेवारी

स्वतःची टाइमलाइन झाली, आता घरातल्या मोठ्या माणसाची. त्यांना विचारायचं आणि 'आय' धरून लिहायचं, म्हणजे त्यांच्या जागी आपण.

आज पहिल्या काही आल्या. भाविकाच्या आजीला, गोजराबाईंना, जन्मसाल माहीत नाही. "खाडीवर पूल नवता तवाची मी." वेबसाइटला पूल चालत नाही, आकडा लागतो. शेवटी अंदाजाने टाकलं.

पोरांनी विचारलं, हे वर्गात सगळ्यांना दिसणार का? नाही म्हटलं. प्रत्येकाचं पान फक्त त्याला आणि मला दिसेल. शब्द दिला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज मोठ्या माणसांच्या टाइमलाइन तपासल्या. अठ्ठावीस नीट वाचल्या. डोळे दुखायला लागले. उरलेल्या पंधरा नुसत्या उघडल्या, वरवरच्या दोन चुका दाखवल्या, टिक केलं. पोरांना कळत नाही. मला कळतं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

दहावीच्या सुपरव्हिजनला दुसऱ्या शाळेत टाकलंय. नववी ब बुडू नये म्हणून त्यांच्या ग्रुपवर मेसेज टाकला — 'पास्ट झाला. आता तुमच्या टाइमलाइनला पुढच्या तीन नोंदी जोडा. फ्युचर टेन्स.'

पेपर संपल्यावर त्या शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा खाल्ला. सगळे एकमेकांना ओळखत होते. एक जण म्हणाली, "मॅडम, जरा सरकता का?" सरकले.

मंगळवार, ४ मार्च

पुढच्या नोंदी वाचल्या. अर्ध्या पोरांना पोलीस व्हायचंय. भाविकाला मुंबई सोडून कुठेही जायचंय. सगळीकडे 'विल', 'विल', 'विल'.

आणि एक नोंद वेगळी! तेजश्री शेडगे. 'ऑन फिफ्थ मे आय ॲम गेटिंग मॅरीड.' ठरलेल्या गोष्टीला 'विल' लावायचं नाही, हे मी एकदाच, तास संपता संपता सांगितलं होतं. त्रेचाळीस जणांत एकटीने उचललं.

'व्हेरी गुड!' लिहिलं आणि पुढे तारा काढला.

बुधवार, ५ मार्च

सकाळी चहा उकळत होता आणि एकदम लख्ख दिसलं. मी काळ बरोबर आहे म्हणून तारा काढला! वाक्य वाचलंच नाही. चहा उतू गेला.

पोरगी पंधराचीही नाही. तिसऱ्या बाकावर बसते, विचारल्याशिवाय बोलत नाही. वडील रणजीत कोरोनात गेले. आजोबा बाबासो कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. पालकसभेला नेमाने येतात, टोपी काढून बसतात. आई उत्कर्षा सीवूड्सच्या मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात कामाला असते.

मधल्या सुट्टीत तेजश्रीला लॅबबाहेर गाठलं.

"ते लग्नाचं लिहिलंयस, ते खरं?"

मान हलवली. चक्क हसली.

"घरी कुणाला माहीत आहे?"

"आईला आणि मला. बस."

"माणूस काय करतो?"

"लिफ्ट दुरुस्त करतात. श्यामसुंदर नाव आहे."

"वय?"

"त्रेचाळीस."

"तुला चालणार आहे हे?"

"हो बाई. चांगले आहेत ते. मला गाइडं आणून देतात." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "आजोबांना सांगू नका हं. प्लीज."

"नाही सांगत," म्हणाले.

गुरुवार, ६ मार्च

मुख्याध्यापकांना सांगितलं. "आधी शहानिशा करा. घरी जाऊन बोला. तेवढ्याने नाही भागलं तर हेल्पलाइनला कळवू." बरोबर आहे त्यांचं.

कुणाशी बोलू पण? आईनेच ठरवलंय. घरात एक माणूस पोरीसाठी उभा राहील, आणि नेमकं त्याच्यापासून लपवलंय. म्हणून तर 'आजोबांना सांगू नका'! शब्द दिलाय खरा. पण असा शब्द पाळायचा असतो का?

शनिवार, ८ मार्च

शाळेत महिला दिन. मला गुलाब आणि पेन मिळालं. दुपारी तशीच कोपरखैरण्याला तेजश्रीच्या घरी गेले. छोटं बैठं घर, वर एक मजला चढवलेला. सगळं जसं झालं तसं लिहिते.

बाबासोंना वाटलं, मी पोरीचं कौतुक करायला आले. "या की बाई! वेणू, च्या टाक." आजी वेणूबाईंनी पदर सारखा करून खुर्ची पुसली. तेजश्री आतल्या दारात आली आणि मला बघून तिथेच थांबली.

मी विचारलं, "तेजश्रीचं लग्न ठरवलंय का तुम्ही?"

"लगीन?" बाबासो हसले. "आवो बाई, नववीत हाय पोरगी!"

"तिच्या आईने ठरवलंय. पाच मेला. त्रेचाळीस वर्षांच्या माणसाशी."

तेजश्री एवढंच म्हणाली, "बाई, नको ना." मला वाटलं, घाबरली. मी तिच्याकडे बघून मान हलवली, आता मी आहे अशा अर्थी. काय समजत होते मी स्वतःला!

तेवढ्यात उत्कर्षा कामावरून आली. दुकानाचा टी-शर्ट, गळ्यात कार्ड. चप्पल काढेपर्यंत बाबासो म्हणाले, "उत्कर्षा, पोरीला कुनाच्या गळ्यात बांधतीस गं?"

तिला काही कळेना. मी फोन पुढे केला. तिने ती ओळ वाचली. परत वाचली. मग लेकीकडे पाहिलं. तेजश्री रडत होती, पण आवाज नाही.

उत्कर्षाने फोन माझ्या हातात ठेवला. "बाई, हे तिचं नाही," ती म्हणाली. "माझं आहे. लग्न माझं आहे."

पंखा फिरत होता. वेणूबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या, तशाच आत वळल्या. बाबासो खाली बसले. खुर्चीवर नाही, जमिनीवर.

मी काहीतरी बोलले असेन. आठवत नाही. बाहेर चप्पल घालायला वाकले, तेव्हा पेन पर्समधून पडलं. उचललं नाही.

रविवार, ९ मार्च

फोन केला नाही. आलाही नाही.

सोमवार, १० मार्च

तेजश्री गैरहजर.

तिचं पान उघडलं. फोनवर ती रेघ उभी दिसते आणि नवी नोंद सगळ्यात वर येते, म्हणून मला तेवढीच दिसली होती. आज बोटाने जरा सरकवलं. खाली पूर्ण टाइमलाइन. 'आय वॉज बॉर्न इन १९८७.' 'इन २००८ आय मॅरीड रणजीत.' आईची! त्या शेवटच्या पंधरांतली एक. तिच्यावर माझी टिक आहे.

मग ग्रुपवरचा माझाच मेसेज वाचला. 'तुमच्या टाइमलाइनला.' कोणत्या? तेव्हा प्रत्येकाकडे दोन होत्या. बाकीच्यांनी स्वतःच्या टाइमलाइनला जोडल्या, तिने आईच्या. चुकलं कोण?

त्या पोरीने मला एकदाही 'माझं लग्न' म्हटलं नव्हतं. मीही 'तुझं' म्हणून विचारलं नाही.

मंगळवार, १८ मार्च

तेजश्री आली. तास संपल्यावर थांबवलं. ती बॅगेची चेन उघडत-मिटत उभी.

"तेजश्री, माझी चूक झाली."

"घरी कुणी कुणाशी बोलत नाही," ती म्हणाली. "आजी आईच्या ताटात वाढत नाही. आजोबा बाहेरच्या पायरीवर बसून राहतात."

"त्या दिवशी तिथेच का नाही सांगितलंस, की आईचं आहे?"

"कसं सांगणार?" तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आजोबा होते ना समोर."

बॅगेची चेन मिटली. मग म्हणाली, "आईने कुणालाच सांगायचं नाही म्हटलं होतं. मला सांगावंसं वाटत होतं. म्हणून तुम्हाला सांगितलं. इंग्लिशमध्ये. तुम्ही व्हेरी गुड लिहिलंत. मला वाटलं, बाईंना आवडलं."

ती गेली.

इतक्या वर्षांत कुणी मला असं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं, तेव्हा मी काळ तपासला.

शनिवार, २९ मार्च

शाळा सुटताना गेटवर उत्कर्षा उभी होती. भांडायला आली असेल, असंच वाटलं. मनात माफीची वाक्यं जुळवायला लागले.

"बाई, नोटीस दिली आम्ही. ठाण्याला, रजिस्टर ऑफिसात. पाच मे तीच ठेवलीय."

"घरचे?"

"सासूबाई म्हणतात, तुला जायचं तर जा, पोरगी इथंच राहील. मामंजी काहीच म्हणत नाहीत. तेच जड जातंय." कार्डाची दोरी बोटाला गुंडाळत होती. "त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

मी माफी मागितली. गेटवर, वॉचमनसमोर. जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही.

"कधीतरी कळणारच होतं," ती म्हणाली. "मला सांगायचा धीर नव्हता. पण मीच सांगायला पाहिजे होतं, बाई. तुम्ही नाही."

एवढंच बोलली, आणि ते मला कायमचं पुरेल.

मग म्हणाली, "तीन साक्षीदार लागतात. यांचे दोन मित्र आहेत. माझ्याकडून कुणी नाही. साताऱ्याहून बहीण येणार होती, तिनं फोन बंद ठेवलाय. तुम्ही याल?"

"मी?"

"तेजू म्हणाली, बाईंना विचार."

हो म्हणाले. घरी आल्यावर दार लावून तिथेच उभी राहिले बराच वेळ.

बुधवार, १६ एप्रिल

परीक्षेचा पेपर सुटला. स्टाफरूममध्ये एकटीच गठ्ठे लावत होते. दारात बाबासो. टोपी हातात.

उठले, खुर्ची दिली. बसले नाहीत.

"त्या दिशी तुमी एकच वळ दावली, बाई. बाकीचं काय हाय त्यात?"

"ते उत्कर्षाबद्दल आहे. तेजश्रीला विचारल्याशिवाय मी नाही वाचणार." एकदा चुकले ते पुरे.

"तीच घिऊन आलीया मला." मागे तेजश्री उभी होती.

मग आम्ही तिघं एका टेबलाशी बसलो. तेजश्रीने एकेक वाक्य इंग्लिशमध्ये वाचायचं, मी मराठीत सांगायचं.

"२००८. लग्न होऊन मुंबईला आले. मोठा रस्ता ओलांडायची भीती वाटायची. मामंजी पुढे चालायचे."

बाबासोंनी मान हलवली. "ट्रकाला लई भ्यायची ती."

"२०१०. तेजश्री झाली. मामंजींनी अख्ख्या लाइनीत पेढे वाटले."

"२०२१. नवरा गेला. मला त्याचा चेहरा दाखवला नाही."

"आमाला बी न्हाई दावला," ते म्हणाले. टेबलाकडे बघत.

"२०२२. घरात सगळे रडत होते, म्हणून मी रडले नाही."

तेजश्री थांबली. आजोबांनी तिच्याकडे बघितलं. "वाच."

"२०२४. लिफ्ट बंद पडली. मी आत होते. एका माणसाने दार उघडलं. मी हसले."

"हसली म्हंजी?"

"हसली," मी म्हटलं. "नुसतं तेवढंच लिहिलंय."

बाबासोंनी टोपी गुडघ्यावर ठेवली. पंधरा वर्षं पोती वाहिलेला खांदा एका बाजूला उतरलेला. "आमच्यात हसत न्हाई ती," शेवटी म्हणाले. "म्या बघितलंच न्हाई. चार वरीस झालं." टोपी घातली, उठले. दाराशी वळून मला म्हणाले, "बसा बाई, उठू नगा."

दोघं गेली. मी गठ्ठे लावत राहिले. नववी अ-चा गठ्ठा नववी ब-त बांधला, परत सोडला.

गुरुवार, १ मे

झेंडावंदन, मग निकाल. तेजश्री पास, इंग्लिशमध्ये एक्क्याऐंशी. निकाल घ्यायला उत्कर्षा आली होती. बाबासो नाहीत. ते अजूनही तिच्याशी बोलत नाहीत म्हणे.

सोमवारी काय नेसायचं? लग्नाचं आमंत्रण मला शेवटचं कधी आलं, तेही आठवेना. कपाटातून आईची हिरवी साडी काढली. इस्त्रीला दिली.

रविवार, ४ मे

आधार कार्ड, त्याची झेरॉक्स, दोन फोटो. तीनदा बघून ठेवलं. उद्या माझ्या सहीशिवाय कुणाचं तरी अडणार आहे.

सोमवार, ५ मे

पोहोचलो साडेदहाला. श्यामसुंदर घामाघूम, सारखा शर्ट नीट करत होता. तेजश्रीने वेणीत दोन गजरे घातले होते. साक्षीदारांना बोलावलं. दोघांच्या सह्या झाल्या. मी पेन उघडून टेबलाशी गेले, तेवढ्यात मागून आवाज आला — "थांबा बाई." बाबासो. पांढरंशुभ्र धोतर, नवी टोपी. सगळे जण बघतच राहिले. उत्कर्षाने तोंडावर हात धरला.

क्लार्कने विचारलं, "मुलीचे कोण?"

"वडील लिवा," ते म्हणाले आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली.

माझी सही लागलीच नाही.